उबेचं माणूस

हात भाजतोय हे प्रसन्न आवटीला वासावरून कळलं.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात विजेची शेगडी होती. तिच्यावर चहाचं आधण ठेवून तो उभा होता आणि डावा हात त्याने ओट्यावर टेकवला होता. निदान त्याची तशी समजूत होती. प्रत्यक्षात हाताची बाहेरची कड टेकली होती ती तापलेल्या शेगडीला. काहीतरी करपल्याचा वास आला तेव्हा त्याने आधी पातेल्यात डोकावून पाहिलं, मग खाली. हात उचलला, शेगडी बंद केली, चहा गाळून घेतला. घाई करण्यासारखं त्यात त्याला काही वाटलं नाही. त्या हाताला त्या क्षणी जे जाणवत होतं ते गेले पाच महिने जाणवत होतं तेच: दुसऱ्या एका हाताची ऊब, जरा घट्टच म्हणावी अशी पकड, आणि मनगटावर नेमका नाडीशी टेकलेला अंगठा.

नाव प्रसन्न. पण केतकी गेल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर प्रसन्न म्हणावं असं काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुःखी म्हणावं असंही नव्हतं. तो वेळेवर कामाला येई, वेळेवर घरी जाई, विचारलं तर उत्तर देई, वाढलं तर जेवे. बायको गेल्यावर एकदाही त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. लोक म्हणत, बरा सावरला. लोकांना असं म्हणायला फार आवडतं, कारण त्यानंतर त्यांना स्वतःला काही करावं लागत नाही.

डॉ. नसरीन मणेर आत आल्या त्या वासाचा माग काढतच. मिरजेच्या देहपट केंद्राच्या त्या प्रमुख शल्यविशारद. जीभ तिखट आणि हात हलका, अशी त्यांची ख्याती होती.

"प्रसन्न, हात दाखवा."

"कोणता?"

"मस्करी करू नका."

तो मस्करी करत नव्हता. डाव्या हाताची करंगळीखालची कड त्याने त्यांच्यापुढे धरली आणि उजव्या हाताने चहाचा घोट घेतला. मणेरबाईंनी जखम पाहिली, तिच्याशेजारची जुनी जखम पाहिली, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"ही तिसरी. मागची भरलेली नाही, आत पू आहे. दुखत नाही म्हणून तुम्ही तिला जपत नाही, जपत नाही म्हणून ती भरत नाही. असंच चाललं तर हा हात मला कोपरापासून काढून टाकावा लागेल. मी जोडलेला हात मीच तोडायचा, हे मला जमणार नाही. कुलूप तोडायचं आता."

"थोडे दिवस जाऊ देत."

"पाच महिने जाऊ दिले. केतकीच्या दिवसांत तुम्हाला काही विचारवेना, म्हणून गप्प बसले. आता मला नीट समजावून सांगा, हे कुलूप सुटत का नाही. मी हात शिवते, तुम्ही हात लिहिता. तुमचं लिहिलेलं मला अर्धंच कळतं, आणि उद्या वरचे लोक विचारतील तेव्हा उत्तर मला द्यायचंय."

प्रसन्नने कप खाली ठेवला. शिकवायचं म्हटलं की त्याचा आवाज एरवीपेक्षा थोडा जिवंत होई. तेवढाच.

"खांद्यापासून नसा तुटल्या, त्या दिवसापासून माझा हात माझ्या मेंदूशी बोलत नाही. खांद्यात बसवलेला मज्जासेतू हाताकडून येणारे संदेश उचलतो आणि सर्व्हरला देतो. सर्व्हरवर माझा देहपट आहे. देहपट म्हणजे साधा नोंदकोश हो. तळव्याची एक नोंद, प्रत्येक बोटाची एक, मनगटाची एक. संदेश आला की नोंद बदलते आणि मेंदू ती नोंद वाचतो. मेंदूला हात कळत नाही, हाताची नोंद कळते."

"इथवर मला येतं."

"सर्व्हरवर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला माझा प्रोग्रॅम चालतो. एकाच नोंदीत दोघांनी एकदम लिहिलं तर चिखल होतो. म्हणून ज्याला लिहायचं त्याने आधी नोंदीला कुलूप लावायचं, काम झालं की काढायचं. कुलूप असताना नोंद वाचता येते, बदलता येत नाही. बाकीचे लिहिणारे रांगेत उभे राहतात. ज्याचा नंबर आधी, तो आधी. रांग मोडायची नाही, हा या कामातला पहिला नियम."

"आणि ऑपरेशनच्या वेळी तेच कुलूप आपण मुद्दाम लावून ठेवतो," मणेरबाई म्हणाल्या. "मी सुरी चालवते, सुरीची वेदना रांगेत जाऊन थांबते, आणि मेंदू कुलपाआधीचीच नोंद वाचत बसतो. म्हणून भूल द्यावी लागत नाही."

"तेच."

या शोधाने मिरजेचं नाव झालं होतं. पेशंट टक्क जागा असे, आणि पडद्यापलीकडे त्याचा हात उघडून ठेवलेला असे. मात्र एक गोष्ट पहिल्या काही ऑपरेशनांतच ध्यानात आली. कुलूप लागलं त्या क्षणी हाताला जे जाणवत असेल तेच पेशंटला पुढे तासन्‌तास जाणवत राहतं. टेबलाचं गार लोखंड जाणवत असेल, तर तासन्‌तास गार लोखंड. यातून केंद्रात एक रीत पडली. कुलूप लावायच्या आधी घरच्या माणसाने पेशंटचा हात हातात धरायचा आणि कुलूप लागल्यावरच सोडायचा. त्या माणसाला सगळे उबेचं माणूस म्हणत. थिएटरच्या दारात सिस्टर हाक मारी, "उबेचं माणूस कोण?" आणि बाकांवरून कुणाची तरी आई, कुणाचा तरी मेहुणा पदराला नाहीतर रुमालाला हात पुसत उठे. ज्याचं कुणी नसे त्याचा हात सिस्टरच धरत. कुणाचा हात होता हे नोंदीत कुठेच नसे. हात कसा होता, एवढंच असे.

"लावणं सोपं होतं," प्रसन्न सांगत होता. "काढणं अवघड गेलं. तासन्‌तास बायकोचा हात हातात आहे असं वाटत असताना एकदम बँडेज आणि टाके. पेशंट दचकायचे. एक जण टेबलावरून खाली आला, तुम्हाला आठवत असेल. म्हणून मी मिळवणी लिहिली."

"तुमचं ते बक्षीस मिळालेलं काम."

"होय. ऑपरेशन झालं की आधी रांग रिकामी करायची, म्हणजे साठलेली वेदना फेकून द्यायची. मग उबेचं माणूस परत आत बोलवायचं. त्याने पुन्हा तसाच हात धरायचा. आत्ता हाताकडून येणारा संदेश आणि कुलपातली जुनी नोंद प्रोग्रॅम ताडून बघतो. दाब, ऊब, कातडीचा पोत. दुखणं धरत नाही, कारण दुखणार तर असतंच. दोन्ही जुळलं की कुलूप काढतो. पेशंटला कळतसुद्धा नाही केव्हा काढलं ते. त्याच्या दृष्टीने हात धरलेलाच होता. मग माणूस हळूच सोडतो."

"आणि जुळलं नाही तर?"

"तर थांबतो. प्रोग्रॅम मेला असता तर सर्व्हरने कुलूप केव्हाच काढून टाकलं असतं, तशी सोय असते. पण माझा प्रोग्रॅम मेलेला नाही, मॅडम. वाट बघतोय."

कुणाची वाट, हे मणेरबाईंना विचारायची गरज नव्हती.

हे कुलूप लागलं त्या दिवशी थिएटरमध्ये त्या स्वतःच होत्या. प्रसन्नच्या हाताचे स्नायूबंध पुन्हा सैल झाले होते, ते घट्ट करायचे होते. पडद्याच्या अलीकडे प्रसन्न, पलीकडे त्याचा हात, आणि हातापाशी केतकी. आदल्या रात्री जेवताना त्याने तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "या कुलपाला किल्ली नाही. तुझा हात हीच किल्ली." ती म्हणाली होती, "म्हणजे मला भांडून माहेरी जायची सोय नाही."

केतकी मिरजेतच तंबोऱ्याच्या एका कारखान्यात जवारी काढायची. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवायचा आणि तार बोलती करायची, हे काम. वर्षानुवर्षं कानशीने घोडी घासून तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. प्रसन्नशेजारी बसली की ती त्याच्या डाव्या हाताची चार बोटं चार तारांसारखी एकेक करून छेडायची, करंगळीपासून सुरुवात करून, हलकेच, आणि मान तिरकी करून ऐकल्याचं सोंग करायची. "खर्ज उतरलाय तुझा," म्हणायची. नसा तुटल्यावर मज्जासेतूतून त्या हातात पहिल्यांदा जे जाणवलं, ते हेच होतं.

तर त्या दिवशी पडद्यापलीकडे तिने त्याचा हात धरला. एकदा पकड जरा सैल झाली, मग पुन्हा घट्ट झाली, आणि अंगठा नाडीवर येऊन टेकला. घाबरलीय, नाडी बघतेय, असं त्याला वाटलं होतं आणि बरं वाटलं होतं. तेवढ्यात कुलूप लागलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा, कुणीतरी हलक्या आवाजात बोलल्याचा आवाज झाला. ऑपरेशन उत्तम झालं. झाल्यावर त्याला सांगण्यात आलं की केतकीला थिएटरमध्येच चक्कर आली, तिचं हृदय नीट चालत नाहीये, तिला वरच्या मजल्यावर हलवलंय. महिनाभर ती थकवा थकवा म्हणत होती. कामावरही जात नव्हती. दोघांनी ते उन्हावर ढकललं होतं.

त्या गडबडीत ना कुणी रांग रिकामी केली, ना उबेचं माणूस परत आलं.

दुसऱ्या दिवशी प्रसन्न चाकाच्या खुर्चीतून वर गेला, तेव्हा केतकीने पहिलं काम केलं ते त्याचा डावा हात धरण्याचं. "उघडलं का?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"नीट धरलाय की रे मी."

"तू बरी हो आधी. मग उघडेल."

मग रोजचंच झालं ते. तिने तळवा धरून पाहिला, बोटं धरून पाहिली, मनगट धरून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "उघडलं का?" त्या दिवशी नेमका कसा धरला होता, हे तिला आठवत नव्हतं. चक्कर आली तेवढंच आठवत होतं. प्रसन्नला तिचं धरणं दिसत होतं, पण जाणवत होती ती कुलपातली पकड, न हलणारी. प्रोग्रॅम त्याचाच होता. कार्यालयात एक फोन केला असता तर कुलूप तोडता आलं असतं. पण त्याला वाटलं, हिचा हात आजाराने गार पडलाय, शक्ती गेलीय, म्हणून जुळत नाही. ज्या दिवशी ही बरी होईल त्या दिवशी कुलूप आपोआप उघडेल. कुलूप तोडणं म्हणजे ही बरी होणार नाही असं मान्य करणं. अशा वेळी हुशार माणसंसुद्धा असल्या हिशोबाला बसतात.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती म्हणाली, "माझा हात आता माझा राहिला नाही वाटतं, प्रसन्न. तुझं यंत्र मला ओळखेना."

तो म्हणाला, "तसं नसतं."

त्यानंतर दोनच दिवसांनी ती गेली. तो शेजारी बसला होता, हातात हात होता. डॉक्टरांनी येऊन तपासलं आणि मान हलवली. प्रसन्नने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "पण तिने धरलंय की अजून." घट्ट, उबदार, नाडीवर अंगठा. त्याच्या लेखी केतकी गेलीच नव्हती, आणि गेली नव्हती म्हणून रडायचंही राहून गेलं होतं.

"रांगेत काय काय आहे?" मणेरबाईंनी विचारलं.

"सगळंच. जिथे काही बदललं नाही ते सर्व्हर वगळतो, बाकी सगळं. आधी तुमचं ऑपरेशन. मग ते तीन आठवडे. मग हे भाजणं."

"तीन आठवडे म्हणजे केतकी."

"होय."

"कुलूप तोडायच्या आधी मी रांग रिकामी करणार. ते सगळं कायमचं जाईल. तुम्हाला ते हवं असेल तर आत्ता सांगा. पण नियम तुमचाच आहे, रांग मोडता येत नाही. तिच्यापर्यंत पोचायला ऑपरेशनमधून जावं लागेल. भुलीशिवाय. मेंदूतली वेदना दाबणारं औषध दिलं तर तिचा हातही बधिर कळेल, आणि ऑपरेशन मी केलंय, त्यात काय काय केलं ते मला माहीत आहे."

रांगेत काय आहे, याचा अंदाज प्रसन्नला होता. कुलूप एकदाही उघडलं नव्हतं, म्हणजे त्या तीन आठवड्यांत तिचा हात पहिल्यासारखा एकदाही झाला नव्हता. गार पडत गेलेला, निसटत गेलेला हात. तो त्याला बघायला मिळाला होता, तेवढा पुरे होता. त्याला हवा होता तो आत्ता हातात असलेला. बरा, भरलेला, उबदार. त्यात तिच्या अंगठ्याचा घट्टा मात्र जाणवत नसे. महिनाभर कामाला गेली नाही, मऊ पडला असेल, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"टाकून द्या," तो म्हणाला. "रांग नको. हा हातही जाणारच आहे तर त्या दिवशी एकदमच जाऊ दे सगळं."

"शनिवारी दुपारी," मणेरबाई म्हणाल्या आणि भाजल्या जागेला मलम लावायला घेतलं. मलम लावताना त्यांनी सवयीने विचारलं, "झोंबतंय का?" आणि मग स्वतःशीच मान हलवली.

शनिवारपर्यंतचे दिवस प्रसन्नने विशेष काही केलं नाही. ऑफिसला गेला. एका संध्याकाळी घरी पंख्याखाली बसून त्याने डावा हात मांडीवर ठेवला आणि त्या पकडीकडे लक्ष देऊन पाहिलं. पाच महिन्यांत ती रेसभरही बदलली नव्हती. निरोपाचं काही बोलावं असं वाटलं, पण बोलणार कुणाशी? शेवटी तो उठला आणि कुकर लावला.

शनिवारी थिएटरमध्ये तिघंच होते. मोठं काही करायचं नव्हतं, म्हणून पडदाही लावला नव्हता. मणेरबाई कोपऱ्यातल्या संगणकावर प्रोग्रॅम उघडत होत्या आणि चष्मा शोधत होत्या. तिसऱ्या होत्या रणभिसे सिस्टर. ग्रेस रणभिसे, पन्नाशीच्या, ठेंगण्या, थिएटरमध्ये वीस वर्षं काढलेल्या. मधले महिने त्यांना जतच्या शिबिरावर धाडलं होतं, याच आठवड्यात त्या परत आल्या होत्या. प्रसन्नला त्यांचा चेहरा ओळखीचा वाटला, पण मास्क लावलेल्या सगळ्याच सिस्टर त्याला ओळखीच्या वाटत.

सवयीने सिस्टर दारापाशी गेल्या आणि बाहेर डोकावून म्हणाल्या, "उबेचं माणूस कोण आलंय?"

बाहेरचे बाक रिकामे होते.

"कुणी नाही, सिस्टर," मणेरबाई मान वर न करता म्हणाल्या. "तशी गरजही नाही आज. तोडायचंच आहे. मी आधी रांग रिकामी करते, मग सांगते तुम्हाला."

"नाही कसं? मी आहे की," सिस्टर म्हणाल्या. उबेच्या माणसाशिवाय कुलपाचं काही काम करायचं, हे त्यांच्या वीस वर्षांच्या वळणात बसत नव्हतं. त्यांनी स्टूल ओढलं, हातमोजे काढून ट्रेमध्ये टाकले, प्रसन्नच्या हाताचं बँडेज सोडलं. जखमेला धक्का लागू नये म्हणून हात खालून अलगद उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग, नर्सिंगच्या पहिल्या वर्षी अंगवळणी पडलेल्या सवयीने, त्यांचा अंगठा त्याच्या नाडीवर गेला.

कोपऱ्यातल्या संगणकातून एक बारीक घंटा वाजली.

"मी काही केलेलं नाही," मणेरबाई म्हणाल्या. त्यांच्या एका हातात अजून चष्मा होता. पडद्यावर दोनच ओळी होत्या: मिळवणी झाली. कुलूप काढले.

प्रसन्नला काहीच जाणवलं नाही. दचकायलाही झालं नाही. त्याची मिळवणी किती चोख होती, हे त्याला प्रथमच स्वतःच्या हातावर कळलं. तीच ऊब, तीच घट्ट पकड, नाडीवर तोच अंगठा. फक्त पाच महिन्यांनी ती पकड हलली. सिस्टरांनी हात जरा वर सरकवला, तर ती वर सरकली. त्याने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"सिस्टर, माझ्या ऑपरेशनला तुम्ही होता?"

"होय की, सर. ताईंनी हात धरला आणि लगेच त्यांना गरगरलं. मावशींनी त्यांना धरून बाहेर नेलं. डॉक्टर पाठमोऱ्या, हत्यारं मांडत होत्या, त्यांनी बघितलंही नाही. तुमचा हात तसाच गार पडेल म्हणून मी धरला. तेवढ्यात कुलूप लागलं." त्या हे सांगत होत्या ते अगदी रोजच्या कामासारखं. त्यांच्या दृष्टीने ते रोजचंच काम होतं. "का हो? काय झालं?"

सैल झालेली पकड. पुन्हा घट्ट झालेली पकड. सरकलेली खुर्ची. प्रसन्नने सगळं एकामागून एक लावलं, प्रोग्रॅममधली चूक शोधताना लावतो तसं, आणि चूक कुठेच सापडली नाही. प्रोग्रॅम बरोबर होता. केतकीचा हात त्याने ओळखला नाही, कारण कुलपात केतकीचा हात नव्हताच. तीन आठवडे ती रोज त्या दारावर हात ठेवून विचारत होती, आणि ते दार तिचं नव्हतं. तिचा हात गार पडला म्हणून नव्हे, शक्ती गेली म्हणून नव्हे. आणि ती जाताना समजून गेली होती की तिचाच हात बदलला.

"प्रसन्न," मणेरबाईंचा आवाज बदलला होता. "कुलूप आपणहून सुटलंय. रांग मी रिकामी केलेली नाही. मिळवणीचा संदेश तेवढा आधी आत गेला, त्याच्यामागून ती यायला लागेल, आत्ता. मी थांबवते." त्यांचा हात कळफलकावर गेला. "थांबवली की गेली, तेवढं लक्षात ठेवा."

"थांबवू नका."

"आधी ऑपरेशन आहे."

"माहीत आहे. येऊ दे."

"तुम्हाला सोसणार नाही ते."

"मॅडम, तिने मला तीन आठवडे विचारलं. मला ऐकायचंय."

मणेरबाईंनी कळफलकावरचा हात काढला आणि त्या त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. सिस्टरांना काही उमगलं नव्हतं, पण हात सोडायची वेळ नाही एवढं त्यांना कळलं. त्यांचा हात मात्र प्रसन्नला आता जाणवत नव्हता. आत्ताचा संदेश रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला होता, आणि रांगेच्या तोंडाशी होती सुरी.

ती आली. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्याला ते ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि नसेल त्याला ठाऊक नसलेलंच बरं. प्रसन्नचे दात एकमेकांवर घट्ट बसले, पाय टेबलावर ताठ झाले, आणि पाच महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते वेदनेने की आणखी कशाने, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मणेरबाई त्याच्या कानाशी आपण काय केलं होतं ते एकेक सांगत होत्या: हा पहिला छेद, हा स्नायूबंध, आता दुसरा, आता टाके, झालं, झालंच आता. वेदनेला नाव असलं की ती थोडी मावते. टाके संपले. बँडेजचा दाब आला. मग खुर्चीच्या हाताचं गुळगुळीत प्लास्टिक, लिफ्टमधली थरथर, वरच्या मजल्यावरची गार हवा.

मग एक हात आला.

तो गार नव्हता. निसटता नव्हता. चांगला घट्ट होता, तिने आयुष्यभर ज्या ताकदीने खुंट्या पिळल्या त्या ताकदीचा. नाडीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याचा अंगठा तळव्याच्या मधोमध दाबून बसला होता आणि त्या अंगठ्याला घट्टा होता, खरखरीत, महिनाभर काम नसतानाही तसाच. मग ती पकड जरा सैल झाली आणि बोटं छेडली गेली. करंगळी. मग तिच्या शेजारचं. मग मधलं. मग तर्जनी, शेवटची, जरा जास्त वेळ, खर्ज उतरलाय का ते बघत असल्यासारखी.

त्या दिवशी तिने हे केलेलं प्रसन्नने डोळ्यांनी पाहिलं होतं. हाताला ते आज पोचलं.

मग हात थांबला, तळव्यात तळवा घालून. या जागी तिने काय विचारलं होतं ते त्याला पाठ होतं. त्या वेळी दिलेलं उत्तरही पाठ होतं.

"उघडलं," प्रसन्न म्हणाला.

सिस्टरांनी मणेरबाईंकडे पाहिलं. मणेरबाईंनी नुसती मान हलवली, बोलू नका अशा अर्थाने. रांगेत अजून तीन आठवडे होते. प्रसन्न डोळे मिटून पडला होता आणि मधूनमधून, ज्या ज्या वेळी तो हात थांबे त्या त्या वेळी, तेच एक उत्तर देत होता.